चोळण्याआधी नख बघा

हात मोडला की आपल्याकडं एक्स-रे नंतर निघतो, आधी तेल निघतं. नांदेड असो की लातूर, तांडा असो की शहरातली नवी कॉलनी, क्रम हाच. पोरगं झाडावरून पडलं, कोपर सुजलं, की घरातली मोठी बाई करडईचं तेल कोमट करते, आंबेहळद उगाळते आणि चोळायला बसते. तिच्या मायेबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण त्या पहिल्या तासात त्या कोपराला नेमकं तेवढंच नको असतं.

हे वाचून कुणी ‘हाडवैद्य बंद करा, मालिशवाले हाकलून द्या’ असं म्हणणार असेल, तर त्याचं आणि माझं जमणार नाही. ‘आमच्या आज्यानं शेकडो हाडं बसवली, डॉक्टर कशाला?’ असं म्हणणाऱ्याशीही जमणार नाही. दोघंही पेशंटकडं बघत नाहीत.

आधी पहिल्याचं बघू. लोक हाडवैद्याकडं का जातात? अडाणी आहेत म्हणून, असं उत्तर शिकलेला माणूस पटकन देतो. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढं. सोबत एक माणूस लागतो, त्याचीही मजुरी बुडते. तिथं गेल्यावर केसपेपरची रांग, एक्स-रेची रांग आणि शेवटी डॉक्टरसाहेबांच्या टेबलापुढं दोन मिनिटं. हाडवैद्य गावात किंवा शेजारच्या गावात असतो. रात्री अकराला दार वाजवलं तरी उघडतो. पैसे दिले तर घेतो, नाहीतर नारळावर भागतं. आणि तो हात लावतो.

ही शेवटची गोष्ट डॉक्टरमंडळींनी मनावर घ्यावी अशी आहे. ‘गुडघा लई दुखू लालंय’ म्हणत आलेल्या आजीचा गुडघा बोटानं दाबूनही न बघता एमआरआयची चिठ्ठी लिहिली जाते. फिल्म उजेडाला धरून बघतात, आजीकडं कुणी बघत नाही. त्याच आजी हाडवैद्याच्या ओसरीवर बसल्या की तो त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतो आणि विचारतो, “कवापासून हाय, माय?” निम्मं दुखणं तिथंच हलकं होतं. यात जादूटोणा काही नाही. विश्वासानं हात लावला की आवळलेले स्नायू सैल पडतात, माणूस श्वास सोडतो, दुखण्याची भीती कमी होते. ज्या दवाखान्यानं हे सोडून दिलं, त्याला गावच्या ओसरीला नावं ठेवायचा अधिकार नाही.

कंधार-लोहा पट्ट्यातल्या अशाच एका ओसरीवर मी बराच वेळ बसलो आहे. म्हातारे बाबा डोळे मिटून अंगठा मनगटापासून कोपराकडं हळूहळू सरकवत नेतात. एका जागी अंगठा थांबतो. “हितं हाय.” पोराला विचारतात, “तुझ्या शाळंत गुरुजी कोण रं?” पोरगं उत्तर द्यायला तोंड उघडतं तेवढ्यात ताण देऊन हात सरळ केलेला असतो. मग कापूस, अंड्याचा पांढरा बलक, कळकाच्या कांब्या, जुन्या धोतराच्या पट्ट्या. बोटांतली ही जाण खरी आहे. एक्स-रे नव्हते तेव्हा जगभर हाडं याच जाणिवेनं बसवली गेली.

मग पट्टी आवळायची वेळ येते, आणि तिथं मला धडकी भरते. बाबा गुडघा टेकवून पट्टी ओढतात आणि म्हणतात, “सैल ऱ्हायली तर हाड हालतंय.” हाड हलू नये हे बरोबर. पण मोडलेला हात पुढचे एक-दोन दिवस सुजत जातो. सूज आत वाढते, बाहेर पट्टी जागा देत नाही, आणि मधल्या मधे रक्तवाहिन्या दाबल्या जातात. स्नायूला रक्त मिळालं नाही तर सुमारे सहा तासांत तो मरायला लागतो. मेलेला स्नायू आखडतो, बोटं पंज्यासारखी आत वळतात आणि तशीच राहतात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकानं 1881 मध्ये हे दुखणं नीट मांडलं, आजही त्याला त्याच्याच नावानं ओळखतात. याहून वाईट म्हणजे गँगरीन. हात काळा पडतो आणि कापावा लागतो. मोडलेलं हाड जुळून आलं असतं, पट्टीनं हात घेतला.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांसाठी परंपरेतलंच सांगतो. सुश्रुतसंहितेत भग्न, म्हणजे मोडलेली हाडं आणि निखळलेले सांधे, यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. आधाराच्या पट्ट्या कशाच्या करायच्या तेही दिलंय: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांची साल आणि वेळू. आणि तिथंच स्पष्ट सांगितलंय की बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट झाला तर कातडी सुजते, ठणका लागतो, पिकते. पट्टी कधी सोडून पुन्हा बांधायची याचा हिशेबही ऋतूप्रमाणे आहे: थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. आमच्याकडं मात्र ‘एकवीस दिवस हात लावायचा न्हाई’ असं बजावून पेशंट घरी पाठवला जातो, तोही मे महिन्याच्या उकाड्यात. सुश्रुताचं नाव घेणाऱ्यानं निदान सुश्रुताचं ऐकावं.

आता कोपर. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण नुकसान लहान पोरांचं होतं. कोपराला मार बसला, हाड मोडलं किंवा सांधा निखळला, आणि त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ जोर लावून मालिश केली, ओढून ओढून वाकवला, तर सांध्याभोवतीच्या स्नायूतच नवं हाड धरायला लागतं. एक्स-रेमध्ये ते ढगासारखं दिसतं. बाहेरून एवढंच कळतं की कोपर अडकला. पुढं जात नाही, मागं येत नाही. त्या पोराला घास तोंडापर्यंत नेता येत नाही, सदऱ्याचं वरचं बटण लावता येत नाही. आई रोज नेमानं चोळत राहते, कारण तिला सांगितलेलं असतं की चोळलं नाही तर हात वाळेल. अस्थिरोग शिकवताना कोपराच्या ताज्या दुखापतीला मालिश नको हे पहिल्याच धड्यात सांगतात. हे एक वाक्य पुस्तकातून गावापर्यंत अजून का पोचलं नाही, याचं उत्तर डॉक्टरांनीही द्यावं आणि आम्ही लिहिणाऱ्यांनीही.

कंबरेची गोष्ट वेगळी आहे. उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्यानं पाठीवर पाय लावला की उसण जाते, असा समज. आणि ती जातेही! कारण अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप ओसरते. मधे पायाळू आला तर श्रेय पायाळूला, मालिशवाला आला तर त्याला, इंजेक्शन घेतलं तर इंजेक्शनला. म्हणून प्रत्येक गावात प्रत्येकाकडं ‘मला गुण आला’ म्हणणारी माणसं सापडतात, आणि ती खोटं बोलत नसतात. पण सत्तरीच्या आजीच्या ठिसूळ मणक्यावर तोच पाय पडला तर मणका दबतो. तेव्हा श्रेय घ्यायला कुणी येत नाही.

‘मणका सरकलाय, बसवून देतो’ हेही एकदा स्पष्ट होऊ द्या. अंगठ्यानं दाबून मणका बसत नाही, कारण बहुतेक वेळा तो सरकलेलाच नसतो. ‘कट्’ असा जो आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा. हाड जागेवर गेल्याचा तो पुरावा नव्हे.

मग मालिश फुकाची का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबानं 2020 मध्ये जगातल्या 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. औषधांशिवाय काय करता येईल या यादीत व्यायाम आहे, पेशंटला नीट समजावून सांगणं आहे, मालिश आहे आणि तज्ज्ञ हातांनी केलेली मणक्याची हालचालही आहे. पुरावा फार भक्कम नाही हे त्यांनीच म्हटलंय. आराम मिळतो तो काही दिवसांचा. पण ते काही दिवस सोन्याचे असतात, कारण दुखणं कमी असतानाच माणूस हालचाल सुरू करू शकतो, आणि खरा गुण हालचालीनं येतो.

त्याच सूचनांत काय नको तेही सांगितलंय. कंबरेचा पट्टा नको, ताण देऊन लटकवणं नको, अल्ट्रासाउंडचा शेक नको, करंट देणारं टेन्सचं मशीन नको. आता आमच्या शहरांतल्या किती फिजिओथेरपी केंद्रांत पेशंटला वीस मिनिटं मशीनला जोडून, पट्टा विकून घरी पाठवतात, ते ज्याचं त्यानं मनाशी मोजावं. साडेचार वर्षं शरीरशास्त्र शिकलेल्या माणसानं प्लग लावून बाजूला बसणं हा त्या शिक्षणाचा अपमान आहे. व्यायाम शिकवा. पेशंटकडून तुमच्यासमोर करून घ्या. लातूरच्या आडत बाजारातल्या हमालाला 50 किलोचा कट्टा उचलताना गुडघे कसे वाकवायचे, ऊसतोड करणाऱ्या ताईंना मोळी डोक्यावर घेताना मान कशी सांभाळायची, हे शिकवा. ‘वजन उचलू नका’ हा सल्ला त्यांना देऊ नका. वजन उचललं नाही तर त्या दिवशी त्यांची चूल पेटत नाही.

आणि ज्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही, ते पुडीवर जगतात. आठवडी बाजारात, यात्रेत, बसस्टँडच्या कडेला ‘जडीबुटी’ म्हणून सांधेदुखीची भुकटी विकतात. एका दिवसात आराम. ज्या भुकटीनं जुनाट दुखणं एका दिवसात थांबतं तिच्यात बहुधा स्टिरॉइड किंवा वेदनाशामक गोळी कुटून घातलेली असते. चेहरा सुजायला लागतो, साखर चढते, पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं. मालिशवाल्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी आधी या पुड्यांवर धाडी टाकायला लावाव्यात. तेलानं सहसा कुणी मरत नाही, पुडीनं मरतात.

सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान मोडून घेणाऱ्या तरुणांनाही एक सांगायचंय. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. झटक्यानं त्यातली एक फाटली की पक्षाघात. 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारीच्या एका तिशीतल्या माणसाला सलूनमधल्या अशाच झटक्यानंतर पक्षाघात झाल्याची बातमी होती. डोकं चोळून घ्या, खांदे चोळून घ्या. मान कुणाच्या हातात देऊ नका.

तालमीचं मात्र मला कौतुक आहे. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी जिंकली. त्या मातीत आजही वस्ताद पोरांना व्यायामानंतर एकमेकांची मालिश करायला लावतात. दमलेल्या, धडधाकट अंगाला चोळणं ही मालिशची सगळ्यात योग्य जागा. गडबड होते ती खांदा निखळल्यावर. वस्ताद जागच्या जागी खांदा बसवतात, दुखणं थांबतं, आणि पोरगं आठवड्यात पुन्हा आखाड्यात उतरतं. पहिल्यांदा निखळताना आतला पडदा फाटलेला असतो. त्याला काही आठवडे झोळी आणि मग खांद्याचा व्यायाम मिळाला नाही तर तो खांदा पुन्हा निखळतो, मग शिंकतानाही निखळतो. चांगला मल्ल कुस्ती सोडून देतो.

काही दुखणी अशी की त्यांना तेल लावूच नये. ताप येतो, वजन घटतंय आणि पाठ रात्री जास्त दुखते, तर तो मणक्याचा टीबी असू शकतो, आणि त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कंबरदुखीबरोबर बसायची जागा बधिर झाली, लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर किंवा प्लास्टर निघाल्यावर एकच पोटरी सुजून गरम झाली, तर ती चोळणं म्हणजे आतली रक्ताची गाठ फुप्फुसाकडं ढकलणं. एवढं मालिश करणाऱ्या प्रत्येक माणसाला पाठ असलं पाहिजे.

आणि ते पाठ करून देता येतं. इथिओपियात एका शल्यचिकित्सकानं गावच्या हाडवैद्यांना बोलावून एका दिवसाचं शिक्षण दिलं. पट्टी किती घट्ट, कोणत्या पेशंटला हात लावायचा नाही, कधी पाठवून द्यायचं. त्यानंतर त्या भागात गँगरीन होऊन हातपाय कापावे लागणाऱ्यांची संख्या घटली. 2005 मध्ये ते ब्रिटनच्या अस्थिरोगाच्या नियतकालिकात छापून आलं. एका दिवसाचं शिक्षण! त्याला ना इमारत लागते ना यंत्र.

मला माहीत आहे, डॉक्टरांच्या संघटना म्हणतील की हा बोगस डॉक्टरांना राजमान्यता द्यायचा प्रकार आहे, 1961 चा वैद्यक व्यवसायी कायदा दाखवतील. कायदा आपल्या जागी बरोबर आहे. कुणाला प्रमाणपत्र देऊ नका, पाटी लावू देऊ नका. पण याच सरकारनं गावोगावच्या सुईणींना बोलावून स्वच्छ हात, नवं ब्लेड, स्वच्छ धागा शिकवला होता ना? तेव्हा कुणी सुईणीला डॉक्टर केलं नव्हतं. बाळं धनुर्वातानं मरू नयेत म्हणून शिकवलं होतं. इथं पोरांचे हात वाचवायचे आहेत.

वैद्यकशास्त्राला हाडवैद्यांची एवढी लाज वाटायचं कारणही नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात मांडी मोडलेल्या पेशंटच्या पायाखाली जी लोखंडी चौकट असते, तिला थॉमस स्प्लिंट म्हणतात. ती तयार करणारा ह्यू ओवेन थॉमस हा वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. बाप लिव्हरपूलला हाडं बसवायचा, त्याच्याकडं पदवी नव्हती आणि डॉक्टर त्याला कोर्टात खेचायचे. त्यानं पोराला डॉक्टर केलं. घराण्याचा हात आणि कॉलेजची विद्या एका माणसात आली आणि त्याची चौकट पहिल्या महायुद्धात असंख्य जवानांच्या कामी आली.

आमच्या दोन शहरांत तर डॉक्टर घडवण्याचा केवढा कारखाना आहे! ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी अख्खा महाराष्ट्र पोरं पाठवतो. एमबीबीएस हुकलं आणि फिजिओथेरपी मिळाली की घरात तोंडं पडतात. फिजिओथेरपी काय कामाची, हे किल्लारीवरून कळावं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथं भूकंपात माळवदं कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसांची हाडं जोडायला देशभरातून डॉक्टर आले. पण हाड जुळल्यावर आखडलेला सांधा मोकळा करायला महिनोन्महिने रोज कुणीतरी हात लावावा लागतो. ते काम शल्यचिकित्सक करत नाही, करू शकत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही ऑपरेशनची सोय होते, घरी परतल्यानंतरचे ते महिने पेशंटच्याच गळ्यात पडतात. तिथं पुन्हा हाडवैद्य आणि पुन्हा तेलाची बाटली. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीची खोली आहे का, असली तर आठवड्यात किती दिवस उघडते, हे या आठवड्यात जाऊन विचारा. आमदारसाहेब सत्काराला येतील तेव्हा पुन्हा विचारा.

तोवर घरात एवढं करा. हातपाय मुरगळला, सुजला तर पहिले दोन दिवस चोळू नका, शेकू नका. फडक्यात बर्फ किंवा गार पाण्याची घडी ठेवा, फळीचा किंवा झोळीचा आधार द्या, एक्स-रे काढा. पट्टी कुणीही बांधलेली असो, हाडवैद्यानं की सर्जननं, बोटाचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. झालं नाही, किंवा नख गुलाबी असलं तरी बोटं बधिर किंवा गार पडली, ठणका तासातासाला वाढत गेला, बोट सरळ करताना पोरगं किंचाळलं, तर पट्टी लगेच सोडा आणि दवाखाना गाठा. रात्र असली तरी, बांधणारा सगा मामा असला तरी.

आणि नांदेड जिल्हा परिषदेला एक विनंती. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, कुस्त्यांची दंगल होते, कृषी प्रदर्शनाचा मांडव पडतो. मल्ल, वस्ताद, मालिशवाले, हाडवैद्य सगळे तिथं आपण होऊन येतात. यंदा त्यात एक मांडव वाढवा. विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले दोन अस्थिरोगतज्ज्ञ आणि दोन फिजिओथेरपिस्ट बसवा, हाडवैद्यांना मानानं बोलावून चहा द्या, आणि पट्टी किती घट्ट बांधायची ते एका दिवसात शिकवा. लातूरकरांनी पुढच्या वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेत तेच करावं.